मंडळाच्या कार्यकारिणीला खुलं पत्र : आमची मावशी पिसं लावून येणार नाही

अध्यक्ष, सेक्रेटरी आणि समस्त कमिटी मंडळी,

सप्रेम नमस्कार.

हे मी आधी आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरच टाकणार होते, पण तिथे काय होतं ते तुम्हालाही माहितीये, कोणीतरी हात जोडल्याचा इमोजी टाकतं, मग कोणाचा तरी वाढदिवस निघतो आणि विषय केकखाली गाडला जातो. म्हणून इथे, सगळ्यांसमोर. रागात लिहायला घेतलं होतं हे खरंय. त्याला आता नऊ दिवस झाले, राग बराचसा बसलाय, सांगायचं मात्र आहे तेवढंच आहे.

झालं काय ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. येत्या गणपतीच्या कार्यक्रमाला सुरुवातीला लँड अॅक्नॉलेजमेंट करायचं ठरलंय, म्हणजे आपण ज्या जमिनीवर उभे आहोत ती मुळात कोणाची हे बोलून दाखवायचं, इथे कॅनडात शाळेपासून हॉकी मॅचपर्यंत सगळीकडे करतात ते. चांगलंय. त्यासाठी मला मेसेज आला की तुमच्या गावातल्या त्या ओळखीच्या नेटिव्ह बाई (इथल्या मूळ लोकांपैकी, मी जिला मावशी म्हणते ती) येतील का, पाच मिनिटं फक्त, ट्रॅडिशनल ड्रेसमध्ये आल्या तर उत्तम आणि ते डोक्यावरचं पिसांचं असेल तर फोटो छान येतील. मी लिहिलं की त्या मेटिस आहेत, त्यांच्यात पिसांचं शिरोभूषण नसतं. त्यावर पाचच मिनिटांत दुसऱ्या एका भाऊंचा प्रश्न, "म्हणजे हाफ ना? मग फुल कोणी मिळेल का, जास्त ऑथेंटिक वाटेल."

कोणी विचारलं ते सांगत नाही. भाऊ चांगले आहेत, माझ्या नवऱ्याला पहिली नोकरी लागली तेव्हा रेफरन्स त्यांनीच दिला होता. पण हा 'हाफ' माझ्या डोक्यातून जाईना.

तर आधी उच्चार. लिहिताना शेवटी एस असतो पण इथले लोक तो म्हणत नाहीत, मेटी म्हणतात, शेवटच्या टी वर जोर. आता मीही मेटीच लिहिते. दोनअडीचशे वर्षांपूर्वी फरचा व्यापार करणारे फ्रेंच आणि स्कॉटिश लोक इकडे नद्यांनी आत शिरले, क्री आणि सोटो या इथल्या मूळ जमातींच्या बायकांशी त्यांनी संसार मांडले, त्यांची पोरं, मग त्या पोरांची आपसात लग्नं, आणि असं करत करत रेड नदीच्या काठी, आज जिथे विनिपेग आहे तिथे, एक वेगळा समाजच उभा राहिला, स्वतःची भाषा, स्वतःचा झेंडा, स्वतःचा नाच, बैलगाडीसारखी स्वतःची गाडी जिच्यात लोखंडाचा एक खिळा नसायचा आणि चाकांची कुरकुर कोसावरून ऐकू यायची. 1982 च्या राज्यघटनेत कलम 35 मध्ये तीन नावं आहेत, इंडियन (म्हणजे आपण नव्हे, इथले मूळ लोक, आता त्यांना फर्स्ट नेशन्स म्हणतात), इन्युइट (उत्तरेच्या बर्फाळ भागातले मूळ लोक) आणि मेटी. तिथे कुठे अर्ध्या-पाऊणचा हिशोब लिहिलेला नाही. आपली मराठी तरी काय हो, त्यातली फारसी, कानडी, पोर्तुगीज काढून बघा, पगार, दुकान, बटाटा, पाव, चावी, सगळं जाईल. मग आपण हाफ मराठी बोलतो का?

भाषेचं निघालंच आहे तर सांगते. त्यांची भाषा मिशिफ. ती ऐकून मला आधी वाटलं की हे क्री आणि फ्रेंच मिसळून काहीतरी कामचलाऊ बोलतात. तसं नाहीये. त्यात क्रियापदं क्रीची आणि नामं फ्रेंचची, आणि दोन्ही आपापल्या व्याकरणासकट, म्हणजे क्रीची ती लांबलचक क्रियापदं पण सगळी नीट चालवायची आणि फ्रेंचचं पुल्लिंग-स्त्रीलिंग पण सांभाळायचं. मी मावशीला म्हटलं, अगं आम्ही पण असंच बोलतो, 'कार पार्क केली, डोअर लॉक केलं, बॅग टेबलवर ठेवली', नामं सगळी इंग्लिश आणि करणं-ठेवणं तेवढं मराठी. ती म्हणाली, "मग शंभर वर्षांनी तुमच्या नातवंडांना पण कोणीतरी सांगेल की तुमची भाषा खरी नाही." आणि हसली. ती अशीच आहे, हसत हसत टाचणी लावते.

मावशी म्हणजे माझी सख्खी नव्हे हे कळलंच असेल. गावात तिला सगळे आँटी म्हणतात, पोस्टातल्या बाईपासून हॉकी खेळणाऱ्या पोरांपर्यंत. मला आँटी म्हटलं की आपल्या सोसायटीतली आँटी आठवते म्हणून मी मावशी म्हणायला लागले, आता तिच्या नातवालाही तो शब्द येतो. ती मला 'माय गर्ल' म्हणते. चाळिशीला आलेय मी, दोन पोरांची आई, तरी माय गर्ल.

नाव मुद्दाम लिहीत नाहीये, गावाचंही नाही. गाव दोन हजाराच्या आतलं, सस्कॅचवान प्रांतात, तुमच्या शहरापासून गाडीने सव्वा तास. एक मेन स्ट्रीट, एक धान्याचं एलिव्हेटर (उंच कोठार), एक हॉकीची रिंक, एक को-ऑपचं दुकान. आम्ही 2014 च्या नोव्हेंबरात आलो. मी बारामती तालुक्यातली, सुप्याजवळची, मला थंडी म्हणजे डिसेंबरात पहाटे ऊस तोडायला जाणाऱ्यांची शेकोटी एवढंच माहीत. पहिली नोकरी मिळाली नर्सिंग होमच्या किचनमध्ये, भांडी घासायची. एमएस्सी मायक्रोबायॉलॉजी आणि समोर दलिया चिकटलेले साठ बोल. रडत होते मी, खरंच सांगते, सिंकपाशी उभी राहून. मावशी तिथे मुख्य कुक होती. तिने विचारलं नाही काय झालं. बाजूला येऊन उभी राहिली, टॉवेल घेतला आणि पुसायला लागली, आणि विचारलं, "तू कोणाची? तुझी आई कुठली?"

मला वाटलं ही काय आता आडनावावरून जात काढते की काय, आपली सवय. पण इथल्या मूळ लोकांत हा प्रश्न पहिलाच असतो, कोणाची, कुठली, आणि मग ते तुमच्या माणसांत आपली माणसं लागतात का ते शोधत बसतात. माझ्याशी तिचं काही नातं लागणं शक्य नव्हतं. तरी तिने माझ्या आईचं नाव, आजीचं नाव, गावचं नाव सगळं विचारून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी बरोबर म्हणून दाखवलं. सुपे तिला म्हणता येतं, छान येतं.

एकतीस वर्षं तिने त्या किचनमध्ये काढली, 2019 ला रिटायर झाली. त्याआधी काय काय केलंय ते तिने मला एका दमात कधीच सांगितलं नाही, बटाटे सोलताना थोडं, गाडीत थोडं. चौदा-पंधराची असताना दुसऱ्यांच्या शेतातले दगड वेचायला जायची. इथे दर वर्षी बर्फ वितळला की जमिनीतून दगड वर येतात, ते पेरणीआधी हाताने उचलून काढावे लागायचे, दिवसभर. उन्हाळ्यात सस्कटून बेरी तोडायच्या, सेनेका नावाच्या वनस्पतीची मुळं खणायची, औषधवाले व्यापारी घ्यायचे ती. मग कॅफेत भांडी, मग मोटेलच्या खोल्या, मग लग्न. नवरा युक्रेनियन शेतकऱ्याचा मुलगा, एलिव्हेटरवर कामाला होता, बारा वर्षांपूर्वी गेला. तीन मुलं, त्यातला एक फोर्ट मॅकमरीला तेलाच्या कामावर, एक नातू तिच्याकडेच राहतो. तिचे पिरोगी (युक्रेनियन लोकांचे सारण भरलेले मोदकासारखे) इतके चांगले होतात की चर्चमधल्या युक्रेनियन आज्या गप्प बसतात.

आता ज्यासाठी मी हे पत्र लिहायला बसले तिकडे येते. तुम्ही स्टेजवर म्हणणार आहात ना, की ही जमीन ट्रीटी 6 ची, म्हणजे सरकार आणि मूळ लोकांमधल्या सहाव्या कराराची, आणि मेटी लोकांची होमलँड आहे. तर त्या होमलँडमध्ये मावशीची आई कुठे जन्मली माहितीये? रस्त्याच्या कडेला. उपमा नाही देत, खरंच सांगतेय. सरकारने इथली सगळी जमीन चौकोनांत मोजली, चौकोनांमध्ये रस्त्यासाठी पट्ट्या सोडल्या, त्या पट्ट्यांना रोड अलाउन्स म्हणतात. ज्या मेटी लोकांकडे जमीन उरली नाही ते त्या पट्टीवर ओंडक्यांची घरं बांधून राहिले, वरून डांबरी कागद, आतून माती लिंपून चुना. जमीन त्यांच्या नावावर नाही म्हणून कर नाही, आणि आईबाप कर भरत नाहीत म्हणून बऱ्याच ठिकाणी पोरांना शाळेत घेत नसत. मावशीची आई 1930 सालची. तिला सही येत नव्हती. आमच्याकडच्यांना हे गायरानावरच्या वस्तीसारखं वाटेल, आणि आहेच ते तसं, कधीही येऊन उठवतील अशी. शेजारच्या मॅनिटोबा प्रांतात सेंट मॅडलिन नावाचं गाव होतं, तिथली घरं 1938-39 च्या सुमारास जाळली आणि जागा कुरणात घातली.

जमीन उरली नाही म्हणजे गेली कुठे, हा प्रश्न मी पण विचारला होता. 2017 च्या जुलैमध्ये ती मला बतोशला घेऊन गेली, तिथे दर वर्षी मेटी लोकांची जत्राच असते, फिडल, जिगिंग म्हणजे त्यांचा नाच, गाड्यांच्या शर्यती, तंबू, पोरं हरवतात आणि सापडतात, अगदी आपल्या यात्रेसारखं. साउथ सस्कॅचवान नदीच्या काठावर चर्च आहे, पाद्र्याचं जुनं घर आहे, त्याला अजून गोळ्यांची भोकं आहेत. 1885 साली इथे चार दिवस लढाई झाली, 9 ते 12 मे. मेटी लोकांची शेतं नदीला लागून लांबट पट्ट्यांची, प्रत्येकाला थोडं पाणी, थोडी शेती, थोडं रान, आणि सरकारचे मोजणीदार आले ते चौकोन आखायला. अर्ज करून करून थकले तेव्हा त्यांचा पुढारी लुई रिएल याला बोलावलं, गॅब्रिएल दुमाँने बंदूकवाले गोळा केले. शेवटच्या दिवशी त्यांच्याकडच्या गोळ्या संपल्या तर खिळे आणि खडे भरून मारले. हरले. रिएलला 16 नोव्हेंबर 1885 ला रेजायनाला फाशी दिलं. दुमाँची कबर तिथेच, नदीकडे तोंड करून.

मी तारीख वाचली आणि चमकले. 12 मे. 12 मे 1875 ला आमच्या सुप्याला बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले होते, दख्खनचे दंगे म्हणून शाळेत धडा असतो ना, तो दिवस. बरोब्बर दहा वर्षं आधी. मी मावशीला तिथेच गवतावर बसून सगळं सांगितलं, कागदावर अंगठा घ्यायचे आणि जमीन जायची, म्हणून लोकांनी माणसं मारली नाहीत, कागद जाळले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आमच्याकडे पण कागदच होता. आमच्या लोकांनी तो विकला."

तो कागद म्हणजे स्क्रिप. मेटी माणसाचा जमिनीवरचा हक्क सरकारने कागदावर छापून हातात दिला, 160 किंवा 240 एकरांचा नाहीतर तेवढ्याच डॉलरचा, आणि हक्क मिटला असं समजायचं. एकरांचा कागद असेल तर तो वटवायला लँड ऑफिसात जायचं, ते ऑफिस शेकडो मैल लांब, आणि मिळणारी जमीनही आपण राहतो तिथली नाही. कागद वाटणाऱ्या कमिशनच्या मागोमाग दलाल हिंडायचे, रोख पैसे घेऊन. थंडी तोंडावर, घरात पीठ नाही, कवडीमोलाने कागद जायचा, आपल्याकडे अंगठा तसं तिथे फुली. कित्येकदा मूळ माणसाला पत्ताही नसायचा, भलत्याच कोणालातरी उभं करून वटवलेला असायचा. मावशीच्या पणज्याच्या कागदाची नक्कल तिच्याकडे आहे, सरकारी अभिलेखागारातून मागवलेली. फुली आहे त्यावर. मी बघितलीये, तिरकी, एक रेघ दुसरीपेक्षा लांब.

आणि मीच, अक्कल पाजळून, त्या दिवशी परत येताना गाडीत तिला विचारलं होतं, "मग तू नक्की कोण, फ्रेंच का क्री?" म्हणजे भाऊंवर रागावायचा मला फारसा अधिकार नाही हे मलाही कळतं. तिने तेव्हा गाडी बाजूला घेतली नाही, आवाज चढवला नाही. म्हणाली की माझ्या आईने आम्हाला शिकवलं होतं, कोणी विचारलं तर फ्रेंच आहोत म्हणायचं, घरात मिशिफ बोलायचं नाही, उन्हात टोपी घालून जायचं, काळं पडायचं नाही. का, तर पोरं उचलून नेत होते. तिचे दोन धाकटे भाऊ 1968 ला नेले. सस्कॅचवान सरकारची त्याच्या आदल्या वर्षीच सुरू झालेली योजना होती, इंडियन आणि मेटी मुलं दत्तक द्यायची, पेपरात मुलांच्या फोटोंसकट जाहिराती यायच्या. एक भाऊ तिला एकोणतीस वर्षांनी सापडला, अमेरिकेत. दुसरा अजून नाही. 2019 च्या जानेवारीत इथल्या प्रीमियरने, म्हणजे प्रांताच्या मुख्यमंत्र्याने, विधिमंडळाच्या इमारतीत जाहीर माफी मागितली त्या दिवशी आमची ड्यूटी एकत्र होती, किचनमधला टीव्ही लावला होता. तिने दोन मिनिटं बघितलं आणि आवाज बंद केला, कारण आजी-आजोबांच्या सूपची वेळ झाली होती. अशा नेलेल्या मुलांच्या नुकसानभरपाईचं विचारता, तर केंद्र सरकारने जी मोठी तडजोड केली तिच्यात मेटी धरलेच नव्हते.

हे मुद्दाम सांगतेय कारण आपल्या ग्रुपवर दर दोन महिन्यांनी कोणीतरी टाकतं की 'यांना सगळं फुकट मिळतं, टॅक्स नाही काही नाही'. मावशी तुमच्या-माझ्यासारखाच टॅक्स भरते. औषधांची, चष्म्याची, दातांची जी केंद्राची योजना स्टेटस, म्हणजे सरकारी नोंद, असलेल्या फर्स्ट नेशन्सना आणि इन्युइटना आहे ती मेटी लोकांना लागू नाही. रिझर्व्ह म्हणजे राखून ठेवलेल्या जमिनी नाहीत, एक अल्बर्टात आठ सेटलमेंट आहेत तेवढ्या सोडल्या तर. शिकारीचा हक्कसुद्धा कोर्टात भांडून मिळालाय, ओंटारिओतल्या पाउली बापलेकांनी 1993 ला एक मूस (इथलं मोठं हरीण) मारला आणि त्याचा निकाल सुप्रीम कोर्टात 2003 ला लागला, दहा वर्षं एका मूसवरून. तिचा नातू आता शिकारीला जातो, आणलेलं मांस आधी चार म्हाताऱ्यांच्या घरी जातं मग स्वतःच्या फ्रीजमध्ये.

आता तुम्ही म्हणाल हे सगळं दुःखाचं झालं, कार्यक्रम आनंदाचा आहे. बरोबर आहे. मावशीकडे बसलं की यातलं काही दिसतच नाही. दिसते ती एक 71 वर्षांची बाई जिच्या गळ्यात दोरीला कम्युनिटी हॉलची किल्ली असते आणि जिच्या पिकअपमध्ये मागे कायम कोणाचं तरी टेबल, कोणाच्या तरी खुर्च्या. मंगळवारी ती मील्स ऑन व्हील्सचे डबे पोचवते. गुरुवारी डेकेअरमध्ये जाऊन पोरांना मिशिफ शब्द शिकवते, माझी धाकटी घरी येऊन मला 'ताँशी' म्हणते, म्हणजे नमस्कार, आणि पोळी वाढली की 'मार्सी', म्हणजे थँक्यू. हिवाळाभर लायब्ररीत मण्यांचं काम शिकवते. डायलिसिसचे दोन पेशंट आहेत त्यांना शहरात नेते-आणते. गावात कोणी गेलं, कुठल्याही चर्चचं असो नाहीतर कुठल्याच नसो, की दफनानंतरच्या जेवणाला अंड्याचे सँडविच हिच्याच देखरेखीखाली होणार. रिंकच्या कँटीनमध्ये शनिवारी फ्राइज तळते. व्हॉलंटियर हा शब्द तिच्या तोंडी मी ऐकला नाही. ती म्हणते, हात लावायला गेले होते. आपल्या आज्यांच्या काळी इर्जिक असायचं ना, एकाच्या शेतावर सगळ्यांचे बैल, कोणी मोजायचं नाही, ते आठवतं मला. गावाने तिला एका वर्षी सिटिझन ऑफ द इयर केलं, पाटी दिली, पाटीवर आडनाव चुकीचं छापलं. तिने बदलून नाही घेतली. "परत वर्गणी काढतील," म्हणाली.

माझ्या थोरल्याची गोष्ट सांगते, मग मण्यांवर येते. 2016 चा फेब्रुवारी. गावच्या हॉस्पिटलात बाळंतपण होत नाही, जवळचं 110 किलोमीटर. नवरा ट्रक घेऊन ब्रिटिश कोलंबियाकडे गेलेला, डोंगरात हायवे बंद. आईचा व्हिसा नाकारलेला. रात्री दीड वाजता कळा, बाहेर उणे 34 आणि वारा. मी मावशीला फोन केला आणि ती सात मिनिटांत दारात, इंजिन गरम, सीटवर ब्लँकेट, मागे फावडं आणि कॉफीच्या डब्यात मेणबत्ती. मी विचारलं मेणबत्ती कशाला, तर म्हणे अडकलो तर गाडीत तेवढ्याने ऊब राहते, आता बोलू नकोस, श्वास घे. अख्खा रस्ता ती फिडलवरचं काहीतरी गुणगुणत होती आणि पांढऱ्याशिवाय समोर काही दिसत नव्हतं. पोचलो. पोरगा पहाटे सहाला झाला.

घरी आल्यावर तिने बुलेट सूप आणलं, मांसाचे छोटे गोळे पिठात घोळवून बटाट्यांबरोबर उकळलेले, मेटी लोकांत न्यू इयरच्या दिवशी घराघरात करतात ते. आणि सोबत ला गालेत, म्हणजे बॅनक, मैद्याची जाड भाकरी म्हणा, ओव्हनमधली. आईने व्हिडिओ कॉलवर बघितलं आणि मला मराठीत म्हणाली, बाळंतिणीला मैदा? मावशीला काही कळलं नाही पण सूर कळला, तिने फोन स्वतःकडे वळवला आणि वाटीतला एकेक पदार्थ आईला दाखवत गेली. आईचे डिंकाचे लाडू तीन आठवड्यांनी पार्सलने आले तेव्हा मावशीने एक खाल्ला आणि म्हणाली, हे तर तुमचं पेमिकन. वाळवलेलं बायसनचं मांस, चरबी आणि बेरी कुटून करायचे ते, महिनोन्महिने टिकायचं, फरचा सगळा व्यापार त्यावर चालला. मांस वगळलं तर लाडवाचं तत्त्व तेच की. आईला हे मी अजून सांगितलेलं नाही, आमच्याकडे माळ आहे.

बाळाला तिने मॉस बॅग शिवली होती, पूर्वी आत शेवाळ भरायचे म्हणून ते नाव, बाळ मानेपर्यंत आत आणि समोर नाडी. तिच्यावर मणी. मी तिला ते करताना बघितलंय. दोन सुया लागतात, एका सुईत मणी ओवायचे, दुसरीने दर दोन मण्यांमागे टाका घालून कापडावर बसवायचे, मण्याचा आकार आपल्या मोहरीपेक्षा किंचित मोठा. धुरी दिलेल्या कातड्याचा वास घरभर असतो, चुलीवरच्या दुधासारखा. फुलं, पानं, देठावर उंदराच्या पावलांसारखे बारीक ठिपके. या लोकांना फुलांच्या मण्यांचे लोक असंच म्हणायचे पूर्वी. प्रत्येक कामात ती एक मणी मुद्दाम चुकीच्या रंगाचा लावते. माझ्या पोराच्या पिशवीवर तो मला दोन वर्षांनी सापडला, हिरव्या पानात एक जांभळा.

पिसांचं म्हणाल तर तिच्याकडे जे आहे ते सॅश, लाल, विणलेला, हातभर रुंद नाही पण दीड माणूस लांब. पूर्वी कमरेला बांधायचे आणि त्याचंच दोरखंड, त्याचाच टॉवेल, त्यानेच जखम आवळायची, आपल्या पटक्यासारखं. ती तो बतोशला घालते, 16 नोव्हेंबरला घालते, आणि नातवाच्या ग्रॅज्युएशनला घातला होता. गणपतीला घालेल का, तर घालेलही, तिची मर्जी. पण फोटोसाठी मी तिला सांगणार नाही.

खरं तर मी विचारलं तिला. तुमचा निरोप पोचवणं माझं काम होतं. ती हॉलच्या किचनमध्ये पाय (आत फळं भरून भाजलेला गोड पदार्थ) करायच्या टिन मोजत बसली होती. मी आधी पिसांचं गाळून सांगितलं, मग राहवलं नाही, तेही सांगितलं. ती इतकी हसली की चष्मा काढून पुसावा लागला. मग विचारलं, "किती माणसं येतात?"

म्हटलं, साडेतीनशे.

"जेवण कोण करतं?"

केटरर.

"आणि भांडी?"

डिस्पोजेबल असतात, म्हटलं.

"हं," म्हणाली, आणि परत टिन मोजायला लागली.

मंडळी, तो 'हं' मला नऊ दिवस पुरलाय. माझ्या लहानपणी गावच्या गणपतीला चुलीवर आमटी असायची आणि पत्रावळी उचलायला आम्ही पोरं. इथे आपण सव्वा तासावरून एका बाईला बोलावणार, पाच मिनिटं बोलायला लावणार, शाल-श्रीफळ देणार, फोटो काढणार आणि तिने घरी परत जाताना हायवेवर हरणं सांभाळत गाडी चालवायची. तिला आपलं एक माणूस ओळखत नाही, मी सोडून. लँड अॅक्नॉलेजमेंट करायचंच तर अध्यक्षांनी स्वतः करावं, नावं नीट उच्चारून, ताँशी कसं म्हणायचं ते माझी धाकटी फोनवर शिकवेल.

आणि ओळख हवी असेल तर तिची तयारी आहे, तिचं उत्तर मी लिहून घेतलंय. ऑक्टोबरच्या तिसऱ्या रविवारी आमच्या हॉलमध्ये फॉल सपर आहे, सुगीचं जेवण म्हणा, हॉलच्या छपरासाठी पैसे जमवायला. चारशे पानं उठतात. टर्की गावातल्या घराघरात भाजून येतात, बटाटे मात्र तिथेच, साधारण एक क्विंटल, आणि सोलायला सकाळी आठला सुरुवात. मागच्या वर्षी सहा जण होतो, त्यातले तिघं सत्तरीच्या वरचे. कमिटीतली दहा माणसं आली तर नऊपर्यंत उरकेल, मग कॉफी आणि तिची सस्कटून बेरीची पाय. शाकाहारींनी काळजी करू नये, कॅबेज रोलचा एक ट्रे मी वेगळा सांगितलाय, भाताचा. भाऊ, तुम्ही पण या. ती तुम्हाला पहिल्यांदा विचारेल की तुम्ही कोणाचे, आईचं नाव तयार ठेवा.

पार्किंग मागच्या बाजूला आहे. सोलाणी आपापली आणा, हॉलमधली सगळी बोथट झालीयेत.

तुमची,
मंडळाची (वर्गणी भरलेली) सभासद